काळी शेळी, घरची बँक

‘वीकएंडला लातूर?’ ऑफिसातले हसले. त्यांच्यासाठी लातूर म्हणजे १९९३चा भूकंप, ‘पॅटर्न’ आणि २०१६ची पाण्याची ट्रेन. मी मात्र उदगीरच्या अलीकडच्या एका अंगणात शेळ्या बघायला गेले होते.

जात उस्मानाबादी. बहुतेक काळ्याकुळकुळीत. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये धाराशिव झालं, शेळीचं अजून तेच! पाच महिन्यांत वेत, बऱ्याचदा जुळी. बाभळीच्या शेंगा, लिंबाचा पाला, बांधावरचं गवत, एवढ्यावर भागतं. दुष्काळात गाय-म्हैस छावणीला जाते, शेळी दारातच राहते.

‘‘बँक हाय बगा आमची,’’ मावशी म्हणाल्या. चार शेळ्या, एक बोकड. बोकड बकरी ईदसाठी राखलेला. लेकीच्या ट्यूशनची फी त्याच्यावरच अवलंबून.

संध्याकाळी व्यापारी आला. इथे सौदा वजनकाट्यावर नाही, हातावर होतो. त्यानं बोकडाची पाठ दाबली, कंबर चाचपली आणि म्हणाला, ‘‘पंचवीस किलो भरंल.’’ मावशी गप्प. दहावीतली लेक आतून बोलली, ‘‘काका, बत्तीस हाय. काल मी त्याला उचलून काट्यावर उभी राहिले, मग माझं वजन वजा केलं.’’

व्यापाऱ्यानं पुन्हा पाठ चाचपली. जरा वेळानं भाव वाढवला. पूर्ण नाही, पण फी निघेल इतका.

बोकड टेम्पोत चढवताना मात्र ती बाहेर आली नाही. त्याला चारायला आणलेला पाला तसाच दारात पडून होता.