आधी, मग आणि स्वल्पविराम

शाळेत आपल्याला इंग्रजीतला स्वल्पविराम श्वासाच्या हिशेबाने शिकवलेला असतो. वाचताना जिथे थोडं थांबाल, तिथे कॉमा द्या. परीक्षेपुरतं हे भागतं. 'फर्स्ट', 'नेक्स्ट', 'देन', 'फायनली' हे शब्दही तसेच, निबंध नीटनेटका दिसावा म्हणून पेरायचे. त्यांच्यावर कुणाचं काही अवलंबून असेल असं तेव्हा वाटत नाही.

मी पुण्याजवळच्या एका औद्योगिक वसाहतीत, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात काम करते. डिप्लोमा मेकॅनिकलचा, पण हातात पाना कमी आणि कीबोर्ड जास्त. मशिनशेजारी प्लास्टिकच्या कव्हरात जे सूचनांचे कागद लटकत असतात, ज्यांना सगळे एसओपी म्हणतात, ते लिहिणं हे माझं काम. लिहायचे इंग्रजीत, कारण ऑडिटला येणारे साहेब इंग्रजी वाचतात. मराठी-हिंदी प्रत नंतर येते. कधीकधी येतच नाही.

मी रुजू झाले तेव्हा हवेच्या दाबावर चालणाऱ्या एका प्रेसवर एक जुना कागद होता. त्यातली एक ओळ अशी: 'रिमूव्ह द गार्ड आफ्टर स्विचिंग ऑफ द मेन्स.' व्याकरणात काडीचीही चूक नाही. आयटीआय करून आलेला एक नवा मुलगा तो कागद बोट ठेवून, एकेक शब्द जुळवत वाचत होता. 'रिमूव्ह द गार्ड' एवढं लागलं आणि त्याचा हात गार्डच्या बोल्टकडे गेला. मशिन चालू होतं. लाईनवरचे जुने ऑपरेटर काका ओरडले, "आरं, आधी मेन बंद कर!" पुढे काही घडलं नाही.

सुपरवायझर त्या मुलाला झापायला लागले, तेव्हा काका माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, पोरानं कागद बरोबर वाचलाय. कागदच उलटा आहे."

त्या दिवसापासून मी 'आफ्टर' आणि 'बिफोर' या दोन शब्दांकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले.

हीच सूचना मराठीत सांगून बघा. 'मेन बंद करून गार्ड काढा.' आधी करायचं ते आधी ऐकू येतं, नंतर करायचं ते नंतर. आपल्याकडे क्रम क्रियापदाच्या शेपटातच असतो. उठून, चहा पिऊन, डबा भरून निघालो. यात 'आधी', 'मग', 'नंतर' यांपैकी एकही शब्द नाही, तरी कुणाचा गोंधळ होत नाही. '-ऊन' हा छोटासा प्रत्यय सगळी रांग लावून देतो. इंग्रजीत मात्र 'आफ्टर'चा तुकडा वाक्याच्या शेवटी टाकायची मुभा आहे. वाचायचा क्रम एक, करायचा क्रम दुसरा. ज्याला इंग्रजी सहज येतं तो पूर्ण वाक्य वाचून मनातल्या मनात ते फिरवून घेतो. जो शब्दागणिक वाचतो, तो वाचता वाचताच कामाला लागतो.

यावर उपाय सोपा आहे. 'आफ्टर'चा तुकडा पुढे आणा: 'आफ्टर स्विचिंग ऑफ द मेन्स, रिमूव्ह द गार्ड.' आता मधे स्वल्पविराम हवा, कारण तो सांगतो की पूर्वतयारी इथे संपली, मुख्य काम इथून सुरू. तुकडा मागे असेल तर साधारणपणे स्वल्पविराम लागत नाही. म्हणजे हा स्वल्पविराम श्वासासाठी नसून हद्दीचा दगड आहे.

पण त्याच कागदावर दुसरी एक ओळ होती, आणि ती मला जास्त धोकादायक वाटली. 'स्विच ऑफ द मेन्स, रिलीज द एअर अँड लॉक द व्हॉल्व्ह.' दिसायला छान यादी. पण यादीतला स्वल्पविराम फक्त एवढंच सांगतो की या तीन गोष्टी करायच्या आहेत. कोणती कधी, याची हमी तो देत नाही. भाजीच्या यादीत कांदे, बटाटे आणि कोथिंबीर लिहिलं म्हणून आधी कांदेच घ्यावे लागत नाहीत, तसंच. आणि इथे क्रम खरोखर चुकलेला होता. व्हॉल्व्ह बंद करण्याआधी लाईनमधली हवा सोडली, तर मागून पुन्हा हवा भरतच राहते. मेन बंद असलं तरी कोंडलेल्या हवेच्या जोरावर प्रेस एखादा झटका मारू शकते.

मी ते असं लिहिलं: 'फर्स्ट, स्विच ऑफ द मेन्स. नेक्स्ट, क्लोज द एअर व्हॉल्व्ह अँड लॉक इट. देन रिलीज द एअर लेफ्ट इन द लाईन. आफ्टर दॅट, प्रेस द स्टार्ट बटन वन्स टू चेक दॅट नथिंग मूव्ह्ज. फायनली, रिमूव्ह द गार्ड.'

यात 'देन'नंतर स्वल्पविराम नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. 'फर्स्ट', 'नेक्स्ट', 'आफ्टर दॅट', 'फायनली' वाक्याच्या सुरुवातीला आले की त्यांच्यानंतर तो देतात. छोट्या 'देन'नंतर सहसा देत नाहीत. आणखी एक गोष्ट. 'देन' हे उभयान्वयी अव्यय नाही. त्यामुळे दोन पूर्ण वाक्यं नुसता स्वल्पविराम आणि 'देन' वापरून चिकटवायची नाहीत. एक तर पूर्णविराम द्या, नाहीतर 'अँड देन' लिहा. आपला 'मग' कुठेही चालतो, म्हणून आपल्या इंग्रजीत ही गफलत फार दिसते. तसंच 'फायनली'च्या जागी 'अ‍ॅट लास्ट' नको. त्यात 'हुश्श, झालं एकदाचं' असा सूर असतो. मशिनच्या कागदाला हुश्श करायचं कारण नाही.

आमच्या ऑफिसातल्या एकाने विचारलं, "एका कॉमाने काय आभाळ कोसळतं?" त्याला मी अमेरिकेतल्या मेन राज्यातली ओकहर्स्ट डेअरीची केस सांगितली. तिथल्या ओव्हरटाईमच्या कायद्यात काही कामांना जादा दर लागू नव्हता. त्या कामांच्या यादीच्या शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्युशन' असे शब्द होते आणि 'ऑर'च्या आधी स्वल्पविराम नव्हता. ड्रायव्हर म्हणाले, इथे सूट पॅकिंगच्या कामाला आहे. आम्ही पॅकिंग करत नाही, माल पोचवतो. 2017मध्ये अपील न्यायालयाने वाक्य संदिग्ध असल्याचं मान्य करून ड्रायव्हरांच्या बाजूने निकाल दिला आणि 2018मध्ये 50 लाख डॉलरवर तडजोड झाली. शाळेत 'अँड'च्या आधी कॉमा नको असं आपल्याला घोटवलेलं असतं. तो दिल्याने अर्थ स्पष्ट होत असेल तर खुशाल द्यावा.

खरं तर ही चिन्हं आपल्याकडेही उशिरा आली. मोडीतल्या जुन्या कागदांत विरामचिन्हं सोडाच, दोन शब्दांमध्ये जागाही सोडलेली नसायची. वाचणारा मुरलेला कारकून असायचा आणि कुठे तोडायचं ते त्याला ठाऊक असायचं. मराठीत विरामचिन्हं रुजवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. कागद अनोळखी माणसाच्या हातात पडणार असेल, तर त्याला कुठे थांबायचं हे कागदानेच सांगावं लागतं.

तुम्ही म्हणाल, सरळ 1, 2, 3 आकडे घाला की. कागदावर मी घालतेच. पण शिफ्ट बदलताना पाठवलेल्या मेलला आकडे नसतात. रात्री अकरा वाजता ग्रुपवर टाकलेल्या मेसेजला नसतात. घाईत लिहिलेलं तेच वाक्य दुसऱ्या टोकाला कुणीतरी, कदाचित बोट ठेवून, वाचत असतं. म्हणून पाठवण्याआधी मी एकच तपासते: हे वाचता वाचता कुणी कामाला लागलं, तर त्याचा हात बरोबर ठिकाणी जाईल ना?