दोन तासं

घड्याळातला तो तास आणि शेतातलं ते तास. पाभरीनं पेरताना या बांधापासून त्या बांधापर्यंत पडलेली एक ओळ म्हणजे एक तास. हा फरक मला जानेवारी 1987 मध्ये कळला, मोडनिंबजवळच्या एका शिवारात. तोवर माझा शेतीशी संबंध दादरच्या भाजीबाजारापुरता होता.

पुण्याच्या होस्टेलवर आम्ही चौघं एका खोलीत. खरी नावं फक्त हजेरीपटावर. माढा तालुक्यातला तो माढ्या, रत्नागिरीकडचा तो कोकण्या आणि नागपूरहून आलेला तो नुसताच नागपूर. त्याला एखादा प्रत्यय लावायचे कष्टसुद्धा कुणी घेतले नव्हते. मी मुंबईचा म्हणून शेठ. खिसा मात्र चौघांत माझाच सगळ्यात हलका.

त्या जानेवारीत माढ्याच्या वडिलांचं पोस्टकार्ड आलं. शाळू हुरड्यात आलाय, मित्रांना घेऊन ये, येताना चांगली चहापावडर आण. एवढंच. आमंत्रण म्हणायचं तर त्यात ‘आग्रहाचे’ वगैरे काही नव्हतं आणि काय घालून यायचं, किती वाजता पोचायचं हेही नव्हतं. शुक्रवारी रात्री आम्ही पॅसेंजरच्या जनरल डब्यात चढलो. नागपूर सामान ठेवायच्या फळीवर, मी आणि कोकण्या दाराजवळ वर्तमानपत्रावर. माढ्याला खिडकी, कारण तो यजमान.

पहाटे कुर्डुवाडी. तिथून पुढं ‘बार्शी लाईट’. अडीच फूट रुंदीचे रूळ आणि त्यावर ती खेळण्यातल्यासारखी गाडी. 1897 मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं कुर्डुवाडी ते बार्शी अशी ती सुरू केली आणि पुढं एका अंगानं पंढरपूर-मिरजेपर्यंत, दुसऱ्या अंगानं लातूरपर्यंत ती पोचली. हे सगळं मी नंतर वाचलं. त्या पहाटे एवढंच कळलं होतं, की समोरासमोरच्या बाकांवर बसलं की गुडघ्याला गुडघे लागतात आणि समोरच्या म्हातारीच्या टोपलीतली बोरं न मागता मिळतात.

स्टेशनवर माढ्याचे वडील उभे होते. सगळं गाव त्यांना दादा म्हणायचं, म्हणून आम्हीही. धोतर, डोक्याला मफलर, वर सोलापुरी चादर. त्यांनी चौघांकडं पाहिलं आणि म्हणाले, “पावडर आणली का?”

शिवारात पोचलो तेव्हा उन्हं वर आली होती. कानाएवढा उंच शाळू, खाली काळी जमीन. त्या जमिनीला एव्हाना भेगा पडू लागल्या होत्या. दादा थेट विहिरीकडच्या कडेला गेले. “ही दोन तासं पाहुण्यांची,” ते म्हणाले. बाकी सगळं शेत मालदांडीचं होतं. मोहोळच्या संशोधन केंद्रातून 1930 च्या दशकात निवडून काढलेलं हे वाण. भाकरीला त्याच्या तोडीचं नाही आणि कडबाही भरपूर. पण हुरड्याला ते चालत नाही. दाणा बोंडातून सहज सुटत नाही आणि कूस घशाला टोचते. म्हणून विहिरीच्या कडेची दोन तासं गुळभेंडीची. दाणा टपोरा, गोड आणि चोळला की लगेच मोकळा होतो. ती दोन तासं घरच्यांनी खायची नाहीत, मळायची नाहीत. जावई, मावशी, शाळेचे मास्तर आणि लेकाचे पुण्याचे मित्र यांच्यासाठी ती पेरायची.

हुरड्याला मुहूर्त फार थोडा. कणीस निसवतं, मग दाण्यात दुधासारखा चीक भरतो. चिकातला दाणा भाजला तर नुसता लगदा होतो. आठ-दहा दिवसांनी दाणा धरतो, अजून हिरवा आणि मऊ, तेव्हा तो हुरडा. आणखी आठवडा गेला की गोडी उतरते, पिठूळपणा येतो, तो निबर झाला म्हणायचं. पोस्टकार्डाला पुण्यात पोचायला चार दिवस लागायचे. दादांनी तेही धरूनच पत्र टाकलं असणार.

आगटी म्हणजे हातभर खोल खड्डा. त्यात गोवऱ्या पेटवायच्या, धूर संपू द्यायचा आणि नुसता लाल विस्तव राहिला की कणसं दांड्यासकट आत खुपसायची, वर राख ओढायची. मधूनच एखादा दाणा फुटून ‘टक्’ आवाज येतो. दादा कणीस काढायचे, राख झटकायचे आणि ते धगधगीत कणीस दोन्ही तळव्यांमध्ये धरून चोळायचे. नुसती रवी फिरवल्यासारखी दोन वळणं. हिरवे दाणे पोत्यावर पडायचे. ते ओंजळीत घेऊन या हातातून त्या हातात टाकत, मध्ये एक फुंकर, की कोंडा उडून जायचा आणि ओंजळ समोर यायची. आम्ही करून पाहिलं. नागपूरनं पहिलं कणीस धरलं आणि तसंच आगटीत परत टाकलं. माझ्या तळव्याला फोड आला. कोकण्यानं मात्र चिकाटीनं एक कणीस चोळलं. त्यातून निम्मे दाणे आणि निम्मी राख निघाली. “खावा की,” दादा म्हणाले, “राख पोटाला चांगली असती.”

सोबत लसणाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही आणि हरभऱ्याचे डहाळे. काकू मागून वांग्याचं भरीत आणि भाकरी घेऊन आल्या, तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या पोटात घासाचीही जागा नव्हती. त्यांनी ते बांधावर ठेवलं आणि म्हणाल्या, “इथंच असू द्या, संपल.” चार वाजेपर्यंत खरोखरच संपलं.

दुपारी आम्हाला मचाणावर राखणीला बसवलं. हातात गोफण. कोकण्याचा पहिला दगड पुढं जायच्या ऐवजी मागं, गोठ्याच्या पत्र्यावर गेला. त्यानंतर आम्ही फक्त ओरडायचं काम केलं. चिमण्या काही फारशा घाबरल्या नाहीत. मचाणावर आडवं पडून आम्ही काय बोललो, ते एक अक्षर आठवत नाही. काहीच बोललो नसू. आम्हाला मजा येतेय असंही कुणी म्हणालं नव्हतं; खरं तर नागपूर दर तासाला परतीच्या गाडीची चौकशी करत होता.

रात्री थंडी इतकी, की चौघं एका घोंगडीखाली. झोप येईना, भूक मात्र आली. मध्यरात्रीनंतर आम्ही उठलो, काळोखात चाचपडत कणसं मोडली, आगटी फुंकून पेटवली आणि पुन्हा खायला बसलो. नागपूर म्हणाला, “रात्रीचा हुरडा टोचतो रे जरा.” आम्ही त्याला शहरी म्हणून हिणवलं. सकाळी दादा शेतात फेरी मारून आले. मोडलेल्या दांड्यांकडं पाहून आलेले होते, हे नंतर समजलं. तेव्हा ते फक्त एवढंच म्हणाले, “गोड लागला का?”

त्यानंतर मध्ये 37 वर्षं गेली. नोकऱ्या, लग्नं, मुलं, गुडघे. हे ज्याचं त्याला माहीत आहे, लिहिण्यासारखं काही नाही.

जानेवारी 2024. कोकण्याच्या मुलीनं बेत ठरवला, कारण आम्ही चौघांनी ठरवलेला बेत गेल्या दहा वर्षांत एकदाही पार पडला नव्हता. पुणे-सोलापूर हायवेपासून आत एक कृषी पर्यटन केंद्र. माणशी 900 रुपये, नाश्ता आणि जेवण धरून. दारात फेटे बांधले, मनगटाला कागदी पट्टा चिकटवला. पट्ट्यावर छापलं होतं, हुरडा 11 ते 1. म्हणजे दोन तास. माझ्या मनात काहीतरी टोचलं, पण तेव्हा लगेच लक्षात आलं नाही.

आत सगळं होतं. शिंगं रंगवलेली बैलजोडी, फोटो काढायला विहिरीची मोट (विहीर नव्हती, नुसती मोट), स्पीकरवर गाणी आणि भर थंडीत रेनडान्सचा फवारा. त्यात दोन जण खरोखर नाचत होते. मला कुरकुर करायची सवय आहे, पण कबूल करतो, खुर्च्या चांगल्या होत्या. जमिनीवर मांडी घालणं आता चौघांपैकी एकालाच जमतं. आणि स्वच्छतागृहं होती. 1987 मध्ये आम्ही चार पोरगेच का गेलो होतो, वर्गातल्या मुलींपैकी कुणाला विचारावं असं मनातही का आलं नाही, हे त्या दिवशी आमच्या बायका-मुली निवांत बसलेल्या पाहून कळलं. स्मरणरंजन करताना हा भाग आपण सोयीनं गाळतो.

हुरडा मात्र लांब पत्र्याच्या शेगडीवर कोळशावर भाजत होते. भाजलेली कणसं कापडी पिशवीत घालून काठीनं बडवायची आणि दाणे चाळणीतून थेट द्रोणात. रांगेत उभं राहून द्रोण घ्यायचा. वाढणाऱ्या बाईंना माढ्यानं विचारलं, “कुठलं वाण, ताई?” त्या म्हणाल्या, “ते मालकांना माहिती. टेम्पो येतो रोज.” मग हळूच म्हणाल्या, “आमच्याकडं मंगळवेढ्याला हातावर चोळत्यात. इथं एवढ्या माणसांना कुठलं पुरायचं?” माढ्यानं एक कणीस मागून घेतलं, तळव्यात धरलं आणि लगेच सोडलं. “हात मऊ झाले,” तो म्हणाला. तो पंधरा वर्षं बँकेत मॅनेजर होता.

मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं खास हुरड्यासाठी ‘फुले उत्तरा’, ‘फुले मधुर’ अशी वाणं काढली आहेत. म्हणजे हुरडा संपला म्हणून गळा काढायचं कारण नाही. उलट आता तो पीक झाला आहे, त्याला भाव आहे, ऑर्डर आहे. फक्त आपल्याला तो माढ्याच्या शेतात मिळणार नव्हता. उजनीचं पाणी कालव्यानं आलं आणि शाळूच्या जागी ऊस उभा राहिला. पाणी आल्यावर कोरडवाहू ज्वारी का लावायची, याचं उत्तर खुर्चीत बसून हुरडा खाणाऱ्यांनी देऊ नये. माढ्याच्या धाकट्या भावाची दोन्ही पोरं उसाच्या पैशावर शिकली.

द्रोण रिकामे झाल्यावर माढ्यानं ते सांगितलं. इतकी वर्षं का सांगितलं नाही, कोण जाणे. “त्या रात्री तुम्ही मालदांडीत शिरला होता. पाहुण्यांची तासं दिवसाच संपली होती. म्हणून नागपूरला टोचलं. त्या साली परतीचा पाऊस झालाच नव्हता. उन्हाळ्यात दादांनी दोन पोती ज्वारी विकत आणली.”

कुणी काही बोलेना. मग माढ्याच म्हणाला, “तुमच्यामुळं नाही रे. चार पोरं खाऊन खाऊन किती खाणार? पाऊसच नव्हता.”

तेवढ्यात शिट्टी वाजली. एक वाजला होता. पुढच्या तुकडीचे पट्टे हिरव्या रंगाचे होते.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास माढ्याचा फोन आला. निवृत्तीनंतर तो गावी जाऊन-येऊन असतो. विहिरीच्या कडेला, उसाच्या बाजूला त्यानं गुळभेंडीची दोन तासं धरली होती. बियाणं मिळवायला तीन गावं फिरला. मग दर आठवड्याला बातमी. उगवलं. गुडघ्याला आलं. पोटरीत आहे. निसवलं. चौघांच्या ग्रुपवर एरवी कुणी कुणाचं वाचत नाही, पण या बातम्या तिघंही वाचत होतो. आणि जानेवारी 2025 च्या दुसऱ्या आठवड्यात आलं : “पाखरांनी सगळं खाल्लं. तरी या.”

पूर्वी सगळं शिवारच शाळूचं असायचं, तेव्हा पाखरं वाटली जायची. कुणाचंही फार नुकसान होत नसे. आता आठ-दहा मैलांत ती दोनच तासं, म्हणजे साऱ्या मुलखातल्या चिमण्या-पोपटांना पंगतच. ज्वारी सोडून देणाऱ्या शेतकऱ्यांच्या तोंडी हे कारण मी पूर्वी ऐकलं होतं, पण ते मला सबबीसारखं वाटायचं. तिथं उभं राहिल्यावर कणसांचे नुसते खराटे दिसले. आता गोफण मारायला कोण मचाणावर बसणार? पोरं शाळेत, मजूर उसाच्या तोडीला.

माढ्याच्या बायकोनं शेवटी शेवटी जुन्या ब्लाउजांच्या पिशव्या शिवून काही कणसांवर बांधल्या होत्या. तेवढी वाचली. आम्ही मोजली, 23. नागपूर आला नव्हता, नातवाचं बारसं होतं. म्हणून तिघांत 23, अधिक माढ्याची बायको, भाऊ, भावजय आणि सून. माढ्यानं आगटी केली, तीही परातीएवढी. एकेक कणीस काढून तो चोळू लागला. महिनाभर विळा-खुरपं धरल्यानं त्याचे तळवे परत राठ झाले होते. प्रत्येक वेळी ओंजळ वेगळ्या माणसापुढं. चटणी खूप होती, हुरडा चिमूटभर.

“टोचतंय थोडं,” कोकण्या म्हणाला.

“गुळभेंडीच आहे. तुझे दात राहिले नाहीत.”

बाजूला उसाचा फड काळाशार उभा होता, त्यातून गार वारा येत होता. माढ्याच्या सुनेनं विचारलं, “पप्पा, पुढच्या साली परत धरायची का दोन तासं?”

माढ्या शेवटचं कणीस चोळत होता. “चार धरू,” तो म्हणाला. “दोन पाखरांची.” मग त्यानं ओंजळीत एक फुंकर मारली आणि कोकण्याचा हात सगळ्यांच्या आधी पुढं आला.