गाळलेला शब्द

गेल्या वर्षी वैशाखात आईच्या हृदयाच्या एका रोहिणीत फुगवटा आढळला. त्या जागी आवरण असलेला स्टेंट बसवायचे ठरले. साधा स्टेंट म्हणजे धातूची जाळी. तिच्या छिद्रांतून रक्त फुगवट्यात शिरतच राहते, म्हणून जाळीला सलग पडदा हवा. असा पडदा बहुधा कृत्रिम, पीटीएफईचा असतो. डॉक्टरांनी निवडलेल्या स्टेंटवर मात्र घोड्याचे हृदयावरण होते.

संमतिपत्र इंग्रजीत. आईला ते मराठीत सांगण्याचे काम अर्थातच माझे. अनुवादाच्या तासाला अवघड शब्द गाळून पुढे सरकणाऱ्या विद्यार्थ्यांवर मी वीस वर्षे तांबडी शाई खर्च केली आहे. त्या संध्याकाळी ‘इक्वाइन पेरिकार्डियम’पाशी आलो आणि म्हणालो, “वरून एक पातळ नैसर्गिक पडदा असतो.” आई माळकरी, अंडे घातलेला केकही तिला चालत नाही. तिने चष्मा सारखा केला आणि सही केली.

रात्रभर बाकावर बसून मी शब्दांची कुळे शोधत राहिलो. (आमच्या व्यवसायाची ही ठरलेली पळवाट.) चार्ल्स स्टेंट हे लंडनचे दंतवैद्य, दातांचे ठसे घेण्याचे एक मिश्रण त्यांनी १८५६ साली सुधारले. पहिल्या महायुद्धात योहान्नेस एसर या डच शल्यविशारदाने त्वचेचे कलम जागेवर धरून ठेवायला तेच वापरले, आणि पुढे आडनावाचे सामान्यनाम झाले. मग पडद्याविषयी वाचले. हृदयावरण मुख्यतः कोलॅजेनच्या तंतूंचे. ग्लुटराल्डिहाइडमध्ये ते तंतू एकमेकांशी घट्ट सांधले जातात. ऊती कुजत नाही, आणि परके शरीर तिला सहसा झिडकारत नाही. आलँ कार्पांतिए यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस डुकराच्या हृदयझडपांसाठी ही रीत रूढ केली. कातडे कमावण्याच्याच जातीची ही प्रक्रिया. ‘कमावणे’ हा शब्द तेवढा इथे कुणी वापरत नाही.

आई सुखरूप घरी आली. आषाढात तिला वारीला जाता आले नाही. दूरदर्शनवर रिंगण पाहत होती. रिंगणात धावून गेलेल्या अश्वाच्या टापांखालची माती कपाळाला लावणारी ती. सांगायला हाच क्षण सोयीचा, असे मला वाटले, आणि त्या सोयीची लाजही वाटली.

“आई, तुझ्या स्टेंटवरचा पडदा घोड्याचा आहे.”

ती बराच वेळ पडद्यावरच्या धुळीकडे पाहत राहिली. “तेव्हा का नाही सांगितलंस?”

“तू नको म्हणाली असतीस.”

“ते मी ठरवलं असतं ना रे.”

रिंगण संपले. तिने आवाज बंद केला आणि विचारले, “आपोआप मेला होता, की यासाठी मारला त्याला?”

मी उठून फाइल काढली. पहिल्या पानापासून पुन्हा वाचली, या वेळी एकही शब्द न गाळता. तेवढे त्यात लिहिलेले नव्हते.