टॅब दाबला, कर्सर गेला कुठे?

बिलिंगच्या काउंटरवरचा सराईत ऑपरेटर पडद्याकडे फारसा बघतच नाही. नजर समोरच्या चलनावर, डावा हात कागद उलटतोय, उजवा न्यूमपॅडवर. तारीख, ग्राहक, माल, नग, दर. एकेक आकडा टाकायचा आणि टॅब किंवा एंटर दाबून पुढच्या चौकटीत जायचं. अशा वेळी कर्सर 'दर'ऐवजी 'शेरा'मध्ये गेला, तर ते लक्षात येईपर्यंत दर शेऱ्यात टाइप झालेला असतो. प्रोग्राम बंद पडत नाही, एरर येत नाही. प्रोग्रामरकडे तक्रार येते ती एवढीच: "सॉफ्टवेअर मध्येच उड्या मारतं."

आमच्या धंद्यातल्या चिवट दुखण्यांपैकी हे एक. कीबोर्डचा फोकस एका वेळी एकाच कंट्रोलकडे असतो आणि दाबलेली कळ आधी त्याच्याच वाट्याला येते. त्यामुळे तपासाचे प्रश्न तीनच उरतात. फोकस आत्ता कोणाकडे आहे? टॅब दाबल्यावर तो कोणाकडे जायला हवा? आणि मध्ये त्याला कोणी अडवलं?

सर्वांत जास्त घोळ दुसऱ्या प्रश्नाचा. १ जुलै २०१७ला जीएसटी लागू झाला आणि जुन्या बिलिंग प्रोग्राममध्ये पंधरा अक्षरी जीएसटीआयएन व एचएसएन कोडच्या चौकटी बसवाव्या लागल्या. पडद्यावर नवी चौकट ग्राहकाच्या नावाखाली ओढून ठेवली, की डोळ्यांना सगळं जागच्या जागी दिसतं. पण व्हिज्युअल बेसिक किंवा विंडोज फॉर्म्समध्ये टॅबचा क्रम ठरतो टॅबइंडेक्स या आकड्यावरून, आणि नव्या कंट्रोलला आपोआप मिळतो तो शेवटचा आकडा. पंगतीत उशिरा येऊन मध्येच बसलेल्याला वाढप्याने सगळ्यांच्या शेवटी वाढावं, तसं त्या चौकटीचं होतं. कर्सर खालच्या 'सेव्ह' बटणापर्यंत जातो आणि मग उडी मारून वर येतो.

चौकटी ग्रुपबॉक्समध्ये असतील तर आणखी एक फसगत. आतला टॅबइंडेक्स फक्त त्या ग्रुपपुरता मोजला जातो. बाहेरच्या रांगेत उभा असतो तो ग्रुपबॉक्सचा आकडा. म्हणून आतले आकडे कितीही बदलले तरी उडी थांबत नाही. व्हिज्युअल स्टुडिओच्या व्ह्यू मेनूतला 'टॅब ऑर्डर' पर्याय हे सगळे आकडे फॉर्मवरच दाखवतो, आणि हव्या त्या क्रमाने क्लिक करत गेलं की ते बदलतातही. पायथनच्या टीकेइंटरमध्ये असा आकडाच नाही. तिथे विजेट ज्या क्रमाने तयार झाली, साधारण त्याच क्रमाने टॅब फिरतो. क्यूटीमध्ये 'सेटटॅबऑर्डर' जोड्या लावतं, पण त्या जोड्या साखळीसारख्या ओळीने लावल्या नाहीत तर आधीची जोडणी पुढच्या ओळीत मोडते.

आता अडवणूक. व्हिज्युअल बेसिकच्या जुन्या प्रोग्राममधला एक नमुना अजून सापडतो. चौकट रिकामी असेल तर तिच्या लॉस्टफोकस इव्हेंटमध्ये 'माहिती भरा' असा संदेश द्यायचा आणि सेटफोकस करून कर्सर परत आणायचा. एकाच चौकटीला हे केलं तर निभतं. शेजारच्या चौकटीलाही तेच केलं, की पहिली फोकस परत ओढते, त्यामुळे दुसरी तो गमावते, मग तीही संदेश दाखवून ओढते. ऑपरेटर 'ओके' दाबत राहतो आणि शेवटी टास्क मॅनेजरकडे जातो. १९९८च्या व्हीबी ६मध्ये यावर व्हॅलिडेट इव्हेंट आणि कॉझेसव्हॅलिडेशन हा गुणधर्म आला. तपासणी फोकस सुटण्याआधी होते, त्यामुळे ओढाताण होत नाही. मात्र 'रद्द करा' बटणाचं कॉझेसव्हॅलिडेशन फॉल्स करायला विसरलं, तर चूक दुरुस्त केल्याशिवाय फॉर्ममधून बाहेर पडायलाही वाट राहत नाही.

फोकस मागण्याची वेळ चुकली तरी तो मिळत नाही. जावाच्या स्विंगमध्ये खिडकीचे घटक प्रत्यक्ष तयार होण्याआधीच 'रिक्वेस्टफोकसइनविंडो' केलं, तर विनंती निमूट फेटाळली जाते. खिडकी उघडल्याच्या इव्हेंटमध्ये तीच ओळ टाकली की काम होतं. विन३२च्या डायलॉगमध्ये तर एका डायलॉगच्या पोटात दुसरा ठेवला आणि आतल्यावर 'कंट्रोल पेरेंट' ही शैली लावली नाही, तर टॅब दाबल्यावर अख्खा प्रोग्राम गोठू शकतो. पुढचा कंट्रोल शोधणारं फंक्शन जिथून निघालं तिथे कधी पोचतच नाही आणि घिरट्या घालत राहतं.

आपल्याकडची खास मागणी म्हणजे टॅबऐवजी एंटर. क्लिपर आणि फॉक्सप्रोच्या काळापासून आकडा टाकून एंटर मारायची सवय लागली, टॅलीने ती पक्की केली, आणि न्यूमपॅडवर एंटर हाताशीच असतो. व्हीबीच्या प्रोग्रामरांनी सोपा तोडगा काढला: एंटर आला की सेंडकीजने टॅब पाठवायचा. पण सेंडकीज काही वेळा नम लॉक बंद करून टाकत असे. मग न्यूमपॅडवरचा ४ हा आकडा न राहता डावीकडचा बाण होई, आणि खापर मात्र कीबोर्डवर फुटे. विंडोज फॉर्म्समध्ये 'सिलेक्टनेक्स्टकंट्रोल' वापरणं बरं. तेही बहुओळी चौकट आणि बटणं वगळून, कारण तिथे एंटरला स्वतःचं काम आहे.

उलट तक्रार बहुओळी चौकटींची. स्विंगचा टेक्स्टएरिया आणि टीकेइंटरचा टेक्स्ट हे टॅब स्वतःच गिळतात. बाहेर पडायला कंट्रोल-टॅब लागतो. लिनक्सवर टीकेइंटरमध्ये शिफ्ट-टॅब बांधूनही चालत नाही, कारण तिथे ती जोडी 'आयएसओ लेफ्ट टॅब' या वेगळ्याच नावाने येते. मॅकवर टॅब बटणांवर थांबत नसेल, तर कोड उसवण्याआधी सिस्टिमच्या कीबोर्ड सेटिंगमधलं 'कीबोर्ड नेव्हिगेशन' सुरू आहे का ते बघावं.

या सगळ्या तपासात नेहमीचं हत्यार बोथट ठरतं. लॉस्टफोकसमध्ये ब्रेकपॉइंट लावला की डीबगरची खिडकी पुढे येते आणि फोकस स्वतःच घेऊन जाते. तपासासाठी टाकलेला मेसेज बॉक्सही तेच करतो. म्हणून नोंद फाइलमध्ये करायची. क्यूटीचा 'फोकसचेंज्ड' सिग्नल, जावाच्या कीबोर्डफोकसमॅनेजरचा 'फोकसओनर', टीकेइंटरचं 'फोकस_गेट' यांपैकी जे हाताशी असेल ते वापरून, फोकस कोणाकडून कोणाकडे गेला याची वेळेसह एकेक ओळ लिहायची. पाच मिनिटांच्या नोंदीत बहुधा चोर सापडतो.

विंडोजवर आणखी एक साधन फुकट मिळतं: एनव्हीडीए. ऑस्ट्रेलियात २००६मध्ये सुरू झालेला हा स्क्रीन रीडर फोकस ज्या कंट्रोलवर जाईल त्याचं नाव बोलून दाखवतो, आणि ईस्पीक एनजीच्या आवाजात मराठीही वाचतो. न दिसणाऱ्या पॅनेलमध्ये गेलेला फोकस डोळ्यांना सापडत नाही, पण कानांना लगेच कळतो. दृष्टिहीन माणसाचं तर सगळं काम याच्याच भरवशावर चालतं. ज्या चौकटीतून कीबोर्डने बाहेर पडता येत नाही, तिथे त्याचं काम संपलं. २००८च्या डब्ल्यूसीएजी २.० या वेब मार्गदर्शिकेने असा सापळा अगदी प्राथमिक पातळीलाच निषिद्ध ठरवला. ती मार्गदर्शिका वेबपुरती असली, तरी भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १७८०२ या सुगम्यता मानकात सॉफ्टवेअरही येतं.

तेव्हा प्रोग्रामर मित्रांनो, पुढची आवृत्ती ग्राहकाला देण्याआधी माऊसची वायर काढा आणि प्रत्येक फॉर्म एकदा पहिल्या चौकटीपासून 'सेव्ह'पर्यंत भरा. मग शिफ्ट-टॅबने उलटे या, आणि एक चौकट मुद्दाम चुकीची भरून 'रद्द करा' पर्यंत पोचता येतं का तेही पाहा.