आधी फ्रेम, मग नंबर

जुन्या अमेरिकन सायकलीचं साल विचारताना लोक सगळ्यात आधी फोटो पाठवतात तो हँडलखालच्या बिल्ल्याचा. वय ठरवायला नेमका तोच सर्वांत कमी उपयोगी. अमेरिकेत सायकल बनवणारा एक आणि विकणारा दुसरा, असा प्रकार वर्षानुवर्षं सर्रास चालला. ‘एल्गिन’ आणि ‘जे. सी. हिगिन्स’ ही सिअर्सची नावं, ‘हॉथॉर्न’ माँटगोमेरी वॉर्डचं, ‘वेस्टर्न फ्लायर’ वेस्टर्न ऑटोचं. यांपैकी कुणाचाच सायकलीचा कारखाना नव्हता. फ्रेम मरे, वेस्टफील्ड, हफमन किंवा क्लीव्हलँड वेल्डिंग यांच्याकडून यायची. शिकागोची श्विनसुद्धा बी. एफ. गुडरिच या टायरवाल्यांना त्यांच्या बिल्ल्याच्या सायकली पुरवत असे. नंबर टाकायची रीत कारखान्यागणिक वेगळी, त्यामुळे कारखाना ओळखल्याशिवाय नंबराची यादी उघडण्यात अर्थ नाही. बहुतेक घोळ इथेच होतात.

आपल्याकडे जुनी सायकल म्हटलं की रॅली-हर्क्युलसच्या वळणाची आठवते: अठ्ठावीस इंची चाकं, रॉड ब्रेक, कॉटर पिन ठोकून बसवलेले क्रँक. अमेरिकन सायकलीचं घराणंच निराळं. १९३३ मध्ये श्विनने २६ बाय २.१२५ इंची फुगीर बलून टायर आणला आणि पुढे कितीतरी वर्षं तिथली सायकल मुख्यतः मुलांसाठी, मोटरसायकलीचा थाट करून, वजनाची पर्वा न करता बनत राहिली. क्रँक एकसंध, कॉटरची भानगड नाही. पेडल उलटं दाबलं की मागच्या हबमध्ये ब्रेक लागतो.

माझं बरंचसं काम श्विनवर झालं आहे, म्हणून तिचंच सांगते. हेड ट्यूबला नळ्या मिळतात तिथे बोट फिरवायचं. इतरांच्या फ्रेमवर वेल्डची कड नाहीतर लग हाताला लागतो. श्विनच्या नेहमीच्या फ्रेमवर काहीच लागत नाही. या पद्धतीला कंपनी इलेक्ट्रो-फोर्जिंग म्हणत असे. पत्रा दाबून हेड ट्यूबचे दोन अर्धे भाग करायचे, त्यांनाच आखूड तोट्या काढायच्या, तोटीला नळी भिडवून वीज सोडायची आणि बाहेर आलेला वितळलेला धातू साफ करून टाकायचा. मग बॉटम ब्रॅकेटच्या मागे बघायचं. तिथे एक जाड, आखूड नळी वेल्ड केलेली असेल आणि साइड स्टँड तिच्यातूनच निघत असेल, तर फ्रेम १९४६ किंवा त्यानंतरची. ‘आजोबांनी युद्धाला जाण्याआधी घेतलेली’ ही गोष्ट तिथेच संपते. घरच्या गोष्टींवर माझा विश्वास तसाही कमीच. आजोबा खरे असतात, साल नसतं.

आता नंबर. १९५२ च्या आधी तो बॉटम ब्रॅकेटच्या खाली असायचा. १९५२ पासून तो मागच्या डाव्या ड्रॉपआउटवर, ॲक्सलच्या नटाजवळ आला आणि १९७० च्या सुमारास हेड ट्यूबवर गेला. म्हणजे अंक वाचण्याआधी नुसत्या जागेवरूनच काळ बराच आवळता येतो. १९६५ पासून तर काम सोपंच आहे: नंबराच्या सुरुवातीला दोन अक्षरं, पहिलं महिन्याचं, दुसरं वर्षाचं. ‘ए’ म्हणजे १९६५, ‘बी’ म्हणजे १९६६, असं ‘एच’ पर्यंत, १९७२ पर्यंत, बिनदिक्कत मोजत जावं. ‘सी-डी’ने सुरू होणारा नंबर मार्च १९६८ चा.

पण ही तारीख नंबर ठोकल्याची. फ्रेम जोडणं, रंगवणं, सायकल उभी करणं, दुकानात जाणं हे सगळं त्यानंतरचं. वर्षअखेरीचा नंबर असला की मी पुढच्या सालचं मॉडेल गृहीत धरून तपासायला लागते.

या अक्षरांची खरी गरज पडते ती क्रेटच्या बाजारात. ऑरेंज क्रेट, ॲपल क्रेट, लेमन पीलर, पी पिकर या सायकली श्विनने १९६८ मध्ये आणल्या. पुढे सोळा इंची चाक, स्प्रिंगचा फोर्क आणि ड्रम ब्रेक, मागे वीस इंची चाक, नळीवर मोटारीसारखा गिअरचा दांडा. आज अस्सल क्रेटला हजारो डॉलर मोजतात. बाकी सामान नव्याने बनवलेलं मिळतं, आणि फ्रेम १९६३ पासून ढिगाने विकल्या गेलेल्या साध्या स्टिंग-रेसारखीच. तेव्हा ‘अडुसष्टची ओरिजिनल’ म्हणून समोर आलेल्या सायकलीच्या ड्रॉपआउटवर ‘बी-ए’ दिसलं, तर ती फेब्रुवारी १९६५ ची स्टिंग-रे आहे, क्रेटचे कपडे घातलेली. नंबर हेड ट्यूबवर असेल तर अडुसष्ट सालचा प्रश्नच नाही. विकणारा बहुधा लबाड नसतो. त्यानेही कुणाकडून तरी अशीच घेतलेली असते.

१९६५ च्या आधी नुसत्या नंबरावर भागत नाही. १९४८ पूर्वीच्या श्विनची कागदपत्रं आगीत गेली, असं या वर्तुळात सगळेच सांगतात. मग सुटे भाग बोलते करायचे. तीन गिअरच्या सायकलीत नॉटिंगहॅमचा स्टर्मी-आर्चर हब असेल तर त्याच्या अंगावरच वर्ष आणि महिना कोरलेला असतो. युद्धापूर्वीच्या श्विनच्या क्रँकवर ‘ए एस’ आणि पुढे सालाचे दोन आकडे सापडतात. एक दात सोडून चालणारी इंच पिचची चेन जुनी, अर्ध्या इंचाची त्यानंतरची. १९४२ मध्ये क्रोमवर गदा आली, म्हणून एरवी चकाकणारे भाग रंगवलेले दिसले तर ते साल मनात धरावं. पण चाकं बदलली जातात, क्रँकही बदलतात. हब चौसष्टचा आणि फ्रेम सदुसष्टची असं निघालं, तर फ्रेमचं ऐकायचं.

सगळ्यात वैताग येतो तो नव्या रंगाचा. सँडब्लास्टिंग आणि वर पावडर कोटिंगचा जाड थर बसला की ठोकलेली अक्षरं बुजतात. खडूची पूड चोळून, बाजूने टॉर्च मारून काही हाती लागलं तर ठीक. एरवी मालकाने कितीही गळ घातली तरी मी साल टाकत नाही. ‘श्विन, १९४६ नंतरची’ एवढंच लिहून देते, आणि त्याला ते कधीच पुरत नाही.