नाक नावाचा पहारेकरी

दोस्तांनो, पेट्रोलपंपावर गाडी थांबली, की खिडकीतून डोकं बाहेर काढून खोल श्वास घेणारे तुमच्यात कितीजण आहेत? हात वर करू नका, मला ठाऊक आहे, पुष्कळ आहेत! वास आवडणं हा काही गुन्हा नव्हे. पण तो मुद्दाम हुंगू मात्र नका. पेट्रोलमध्ये बेन्झिन नावाचा विषारी पदार्थ थोड्या प्रमाणात असतो. आणि हाच वास गाडीच्या आत यायला लागला, तर गाडी आपल्याला काहीतरी बजावते आहे असं खुशाल समजा.

काय बजावते? तर ऐका. आपण म्हणतो पेट्रोल जळतं, पण खरी जळते ती पेट्रोलची वाफ. उणे 40 अंश सेल्सिअसच्या थंडीतही पेट्रोलमधून पेट घेण्याइतकी वाफ निघते. मग आपल्याकडच्या उन्हाळ्यात काय होत असेल, विचार करा! हवेच्या शंभर भागांत ही वाफ साधारण दीड ते साडेसात भाग मिसळली, की एक ठिणगी पुरते. शिवाय ती हवेपेक्षा तीन ते चारपट जड. त्यामुळे वर उडून न जाता जमिनीलगत, सीटखाली, गॅरेजच्या कोपऱ्यात दबा धरून बसते.

गेल्या मे महिन्यात दादाच्या गाडीत असाच वास यायला लागला. गाडी चौदा वर्षांची. मागच्या सीटवर बसलं की आईचं डोकं दुखायचं, मळमळायचं. सगळे म्हणायचे, "तिला गाडी लागते." सुट्टीत आलेली सातवीतली भाची दार उघडताच म्हणाली, "मामा, पेट्रोलचा वास येतोय!" दादा म्हणाला, "मला तर नाही येत बुवा." दोघंही खरंच बोलत होते, बरं का! एकच वास रोज घेतला, की नाक त्याला सरावतं आणि मेंदूला कळवायचं बंद करतं. म्हणून बाहेरून आलेल्या माणसाला जे चटकन जाणवतं, ते घरच्याला जाणवत नाही.

शेजारच्या काकांनी सल्ला दिला, "एक सुगंधी डबी लावून टाका, झालं!" भाची ठसक्यात म्हणाली, "म्हणजे पहारेकऱ्याच्या तोंडात बोळा कोंबायचा?" तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथिल मरकॅप्टन हे उग्र वासाचं रसायन मुद्दाम मिसळतात. 1937 साली अमेरिकेत, टेक्सासमधल्या न्यू लंडन इथल्या शाळेत बिनवासाचा नैसर्गिक वायू साठून स्फोट झाला आणि सुमारे तीनशे जीव गेले. त्यात बहुतेक शाळकरी मुलं होती. त्यानंतर तिथे गॅसला वास देण्याचे कायदे झाले. पेट्रोलला तर वास फुकटात मिळालाय. तो झाकायचा कशाला?

दादाने गाडी चालवायची थांबवली आणि गॅरेजच्या मिस्त्रीकाकांना घरी बोलावलं. त्यांनी पाना हातात घेण्याआधी प्रश्नच विचारले. वास इंजिन चालू असताना येतो की बंद असताना? पुढे जास्त की मागे? टाकी भरल्यावर की रिकामी होत आल्यावर? दादा डोकं खाजवू लागला. भाचीने मात्र वही पुढे केली! आल्या दिवसापासून ती रोज नोंद करत होती. टाकी पूर्ण भरली, की दोन-तीन दिवस वास. टाकी अर्ध्याखाली गेली, की वास गायब. पुढे कमी, मागच्या सीटपाशी जास्त. गाडी बंद असली तरी येतोच.

मिस्त्रीकाका खूश झाले. म्हणाले, "निम्मं काम पोरीनेच केलं." फक्त इंजिन चालू असताना वास आला असता, तर त्यांनी आधी इंजिनाकडे जाणारा पाईप तपासला असता. टाकीचा तळ फुटला असता, तर अर्ध्या टाकीलाही वास राहिला असता आणि खाली ओल दिसली असती. म्हणजे गळती टाकीच्या वरच्या भागात. झाकणाचा रबरी वॉशर पाहिला, तो ठीक. पेट्रोल भरायच्या नळीचा जोड पाहिला, तोही घट्ट. मग मागची सीट उचलली. तिच्याखाली एक पत्र्याचं झाकण, त्याखाली टाकीवर बसवलेला पेट्रोलचा पंप, आणि पंपाभोवतीची रबरी रिंग वाळून चिरलेली! टाकी भरली, की हिंदकळणारं पेट्रोल तिथून झिरपायचं आणि वाफ थेट आईच्या नाकाशी.

दुरुस्ती टाकीतलं पेट्रोल कमी झाल्यावर, उघड्या अंगणात, बॅटरीची तार काढून ठेवूनच झाली. नवी रिंग बसली. मग परीक्षा! टाकी काठोकाठ न भरता, पंप आपोआप बंद होईपर्यंत भरली आणि तीन दिवस भाचीने वहीत लिहिलं: वास नाही, वास नाही, वास नाही. चौथ्या दिवशी आई मागच्या सीटवर बसून कोल्हापूरला गेली. वाटेत तिने चक्क भेळ खाल्ली!

आता तुमच्यासाठी चार गोष्टी. वास आला, की लगेच मोठ्यांना सांगा. गाडी चालू करू देऊ नका, सगळे बाहेर पडा आणि लांब उभे राहा. अंधारात बघायला काडी किंवा मेणबत्ती अजिबात नको. आणि पाना मिस्त्रींच्या हातात राहू द्या. तुमच्या हातात वही आणि पेन्सिल पुरे. "काही नाही रे, तुला भास होतोय" असं कुणी म्हणालं, तरी पुन्हा सांगा. कदाचित त्या घरात जागं असलेलं नाक तुमचं एकट्याचंच असेल!