जिल्हईचे दोष

मनुष्याचा डोळा मोठा पक्षपाती आहे. खडबडीत वस्तूचे शंभर दोष तो पोटांत घालतो; परंतु चकाकणाऱ्या वस्तूवरील राईएवढा कणहि त्यास खपत नाहीं. लांकडी लेखण्या करूं लागल्यापासून या सत्याचा प्रत्यय आम्हांस रोज येतो.

आमचें गांव देवणी. गाईबैलांच्या ज्या जातीस या गांवानें आपलें नांव दिलें, तिच्यांतील वानेरा, बालंक्या व शेवेरा हे भेद येथील शेतकरी दुरून ओळखतो. परंतु ट्रॅक्टर आल्यापासून पुष्कळ घरांतील औतें अडगळींत गेलीं. आमच्या घरींहि बाभळीचें एक जूं असेंच पडून होतें. त्याच्या तुकड्यांच्या आम्ही लेखण्या कातल्या आणि त्यांवर चपडा लाखेची जिल्हई दिली.

लाख ही पळस, बोर, कुसुम यांसारख्या झाडांवरील किड्यांची देणगी. पांडवांसाठीं बांधलेलें घर तिचेंच, आणि ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्यांतहि तीच. स्पिरिटांत विरघळवून ती लावावी. स्पिरिट उडून गेलें कीं मागें काचेसारखा पापुद्रा राहतो. हा पापुद्रा मात्र भारी मानी! धूळ उडाली कीं कण बसतात. बोळा जास्त ओला झाला कीं वळ उठतात. घाईनें पुटावर पुट चढविलें कीं खालचें मऊ राहून बोटाचा ठसा उमटतो. आषाढांत तर स्पिरिट उडतांना पृष्ठभाग थंड होतो, हवेंतील दमटपणा आंत अडकतो आणि लेखणीवर पांढुरकें धुकें पसरतें.

अशा वेळीं आणखी एक पुट देऊन दोष झांकण्याचा मोह होतो. परंतु चकाकी दोषावर दिवाच धरते. खरा उपाय संथपणाचा आहे. लेखणी कांहीं दिवस वाळूं द्यावी. मग ६०० नंबरच्या पॉलिशपेपरास जवसाच्या तेलाचा थेंब लावून कण व वळ हलक्या हातानें उतरवावे. सारी चकाकी जाऊन लेखणी राखेसारखी दिसूं लागते, आणि नवशिका येथेंच घाबरतो. नंतर तेल पुसून जवळजवळ कोरडा बोळा फिरवावा. नवी लाख जुन्या लाखेस किंचित् विरघळवून तिच्याशीं एकजीव होते. धुक्यास तर कोरड्या दिवशीं स्पिरिटाचा निसटता हात पुरतो. हाताच्या घामानें लाख झिजते, हें खरें. परंतु तिच्याइतकी दुरुस्तीस राजी अशी दुसरी जिल्हई आम्हांस ठाऊक नाहीं.

एका लेखणीवर मात्र जिल्हईखालीं काळा डाग आहे. तो खरवडून काढावा, असें घरांतील मंडळींचें मत पडलें. जूं तडकल्यावर पूर्वीं कोणीं त्यांत खिळा ठोकला होता. बाभळीचा तुरटपणा आणि लोखंड यांच्या संयोगानें लांकूड काळें झालें. हिरडा व हिराकस यांपासून जुनी शाई होई, ती याच न्यायानें. त्या जुंवानें लिहिलेलें तेवढेंच एक अक्षर उरलें आहे. जिल्हईचे दोष आम्ही आनंदानें काढतों. तें अक्षर पुसण्याचा अधिकार आम्हांस नाहीं.